गुणाबाईचा सूर्यनारायण

खडेबाजारामागच्या एका बोळात पावसाळ्याच्या दिवसांत एक गंमत चालायची. आभाळ सकाळपासून भरून असायचं, आणि मधेच कुठं ढग फाटून उन्हाची तिरीप पडली की कुणीतरी हाळी द्यायचं, "गुणाक्का, ऊन पडलंय बघ." लगेच नाझरांच्या घरातून गुणाबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर यायची, डोळे बारीक करून वर बघायची, हात जोडायची आणि आत जाऊन जेवायला बसायची. समोरची अंबुबाई हाळी द्यायची, भाजीवाली द्यायची, कोपऱ्यावरचा कासार द्यायचा. एकदा तर बोळातल्या म्हाताऱ्याची तिरडी बांधायला बसलेल्यांपैकी एकानं सुंभाचं टोक दातात धरूनच तिला वर बोट करून दाखवलं होतं. बोळात भांडणं काही कमी नव्हती, पण गुणाक्काचं ऊन चुकू द्यायचं नाही एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

गुणाबाईचं व्रतच तसं होतं. सूर्याचं दर्शन झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. पुष्कळ बायका हे चातुर्मासापुरतं धरतात आणि कार्तिक आला की सुटतात. हिनं जन्माचं धरलं होतं, आणि तेही स्वतःसाठी नव्हे.

तिचे यजमान मारुतीराव बेळगावच्या दिवाणी कोर्टात नाझर होते. गावात समन्स आणि जप्त्या जायच्या त्या यांच्या टेबलावरून, म्हणून लोक वचकून असायचे. काही वर्षांपूर्वी त्यांना मुदतीचा ताप आला. उतरायचं नाव नाही. शेवटी डॉक्टर नाडी सोडून नुसतेच खिडकीबाहेर बघायला लागले, तेव्हा खानापूरकडच्या शेतकऱ्याची ही लेक पहाटे परड्यात जाऊन उभी राहिली आणि उगवत्याकडं हात जोडून म्हणाली, "सूर्यनारायणा, ह्यास्नी उठवून बसीव. माझं कुंकू हाय तवर तुझं तोंड बघितल्याबिगर घास घेणार न्हाय." ताप उतरला. डॉक्टरांनी आपल्या औषधाचं नाव घेतलं, गुणाबाईनं कुणाचंच घेतलं नाही. तिला पक्कं ठाऊक होतं की नवऱ्याचा जीव आता तिच्या हातात आहे, आणि एक घास जरी चुकला तरी तो ताप परत दारात उभा राहील. आषाढात कधी दिवस-दिवस उपास घडायचा. ती पाणी पिऊन कामं करत राहायची.

ताप उतरला तेव्हा हे ऐकून मारुतीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण अंगात ताकद आली, पोट सुटलं, मग बढती मिळाली आणि बायकोचं व्रत म्हणजे घरातल्या जात्यासारखी एक वस्तू होऊन बसली. आहे म्हणून आहे.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मारुतीरावांच्या डोक्यात महाबळेश्वर शिरलं. शिरवलं गोपाळराव वकिलांनी. ते दरसाल जायचे आणि आल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात महिनाभर तिथल्या हवेचं वर्णन करायचे. वकील यंदा मे संपता संपता निघणार होते, तर नाझरही तेव्हाच निघणार.

"डोंगर बघाय तिकडं कशापायी जायाचं?" गुणाबाई म्हणाली. "आमच्या खानापुराकडं डोंगर कमी हायत व्हय?"

"तुला काय कळतंय? तिथं तळं हाय, होड्या हायत. सायबलोक हवा खायाला जात्यात."

गुणाबाईच्या माहेरच्या तळ्यात म्हशी बसायच्या. हवा खायला तळ्याकाठी जाऊन बसायचं ही कल्पना तिला म्हशींनाच शोभेल अशी वाटली. पण नवरा-बायको म्हणून दोघं आजवर कुठं गेले नव्हते, आणि नवऱ्यानं नेतो म्हणणं याचंही कुठंतरी बरं वाटलं. तिनं एकच विचारलं, "तिथं ऊन असतंय न्हवं?"

"मे म्हैन्यात ऊन न्हाय तर काय चांदणं असतंय?"

आगगाडीनं वाठार आणि तिथून मोटारीनं वाई. वाईला कृष्णेच्या घाटावर सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं. गुणाबाईनं सूर्याला हात जोडले, फडक्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि पायरीवर बसून पोटभर खाल्लं. त्यानंतर मोटार पसरणीचा घाट चढू लागली. अर्ध्या घाटात ढग आडवे आले. मागच्या बाकावरची एक बाई ओकली, ते पेट्रोलच्या वासात मिसळलं, आणि काचा बंद. वर पोचेपर्यंत गुणाबाईच्या पोटातली भाकरी घशाशी आली होती.

महाबळेश्वर म्हणून जे दिसलं ते सगळं पांढरं होतं. हॉटेलातली खोली पांढरी असेल कधीकाळी, आता भिंतींवर हिरवट बुरा चढला होता. गादीला हात लावला तर ती घामेजल्यासारखी ओली. रगाला आधी येऊन गेलेल्या दहा-पाच बिऱ्हाडांचा वास होता, आणि प्रत्येकाचं तेल वेगळं. न्हाणीत साबणाची वडी ठेवलेली होती, तिला कुणाचा तरी लांब केस चिकटला होता. गुणाबाईला किळस आली. तिनं तो साबण चिमटीनं उचलून खिडकीबाहेर टाकला आणि नवऱ्याला विचारलं, "हितं पैसं देऊन ऱ्हात्यात लोकं?"

मारुतीरावांचं लक्ष नव्हतं. ते आरशासमोर नवी हॅट घालून बघत होते. आरशावरही पाणी जमलं होतं, त्यामुळं दिसत काही नव्हतं, पण ते समाधानी होते.

दुसऱ्या दिवशी सूर्य निघाला नाही. गुणाबाई पहाटेपासून व्हरांड्यात बसून होती. धुकं झाडांतून गळत होतं, पत्र्यावरून टपकत होतं. ढग वरून गेला असता तर तिला ठाऊक होतं, वाट बघायची, फाटतो तो. इथं आपणच ढगाच्या पोटात येऊन बसलोय, हे तिला उशिरा उमगलं. बोळात हाळी द्यायला माणसं होती. इथं हाळी द्यायची तर बघायला वर काही नव्हतंच.

मारुतीराव टेबलावर बसून आम्लेट खात होते. त्यांना सुरीकाट्याची सवय नव्हती, म्हणून सुरीनं ढकलून बोटानं उचलायचे आणि बोटं चाटायचे. चहा बशीत ओतून असा ओढायचे की व्हरांड्यात बसलेल्या गुणाबाईच्या रिकाम्या पोटात तो आवाज घुमायचा. नंतर दात कोरत बाहेर आले आणि म्हणाले, "चल, पॉइंट बघायचेत."

एका पॉइंटावरून म्हणे कोकण दिसतं. दोघांनी कठड्याला धरून धुकं बघितलं. दुसऱ्यावरून हवा स्वच्छ असली की समुद्र दिसतो. तिथंही धुकं बघितलं. तिसऱ्यावर कुणा साहेबाची मेम कित्येक वर्षांपूर्वी येऊन बसायची, म्हणून तो प्रसिद्ध होता. तिथं त्यांनी ती बसायची तो धोंडा बघितला आणि पुढचं धुकं बघितलं. मारुतीराव प्रत्येक ठिकाणी "वा" म्हणाले. गुणाबाईची वहाण चिखलात रुतून वहाणेचा अंगठा तुटला. परत येताना त्याच हॉटेलात उतरलेले गोपाळराव वकील आणि त्यांची बायको सरोजिनी भेटली. ती पायात मोजे घालून ऐटीत चालत होती, हातात कागदाच्या पुडीत चणे. तिनं पुडी पुढं केली. गुणाबाईनं मान हलवली.

तिसरा दिवसही तसाच गेला. पाण्याखेरीज पोटात काही नव्हतं. उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले. बाजारात गरम भजी तळत होते, त्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं आणि लगेच मळमळायचं. रात्री सगळे टेबलावर जेवायला बसायचे, गुणाबाई खोलीत त्या ओल्या गादीच्या कडेला बसायची. भिंतीपलीकडून सरोजिनीचा आवाज आला, "नाझरसाहेब, मिसेस बऱ्या नाहीत का? जेवायला येतच नाहीत. का आमच्या पंक्तीला बसायचं नाही त्यांना?"

"छे छे," मारुतीराव कोर्टातल्या भाषेत म्हणाले, "आमच्या मंडळींची प्रकृती जरा नाजूक आहे."

मग खुर्च्या जवळ ओढल्याचा आवाज, कुजबुज, हसणं. गुणाबाईनं ते ऐकलं, पण पोटात आग पडलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या हसण्याशी काय करायचं असतं? ती पाणी पिऊन आडवी झाली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मारुतीराव एकदम गोडीत आले. "तळ्यावर जाऊया. वकिलीणबाई म्हणत्यात, तिथं मावळतीला कवाकवा उघडतंय." उघडतंय म्हटल्यावर गुणाबाई भिंतीला धरून उठली. वेण्णा तलावावर धुकं इतकं खाली आलं होतं की काठाला बांधलेल्या होड्यांचं एकच टोक दिसत होतं. पाणी काळं, आणि त्याला कुजलेल्या पाल्याचा वास. वकील आणि सरोजिनी आधीच येऊन थांबले होते. मग मारुतीराव पलीकडच्या काठाकडं हात करून ओरडले, "गुणा, बघ, तो बघ, सूर्यनारायण."

पलीकडं झाडांच्या आडून, धुक्यात, एक पांढुरका गोळा दिसत होता. मध्ये उजळ, कडेला विरघळलेला. त्याची तिरीप पाण्यात पडली होती. मारुतीरावांनी हॅट काढून हात जोडले. गुणाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं वाकून ओंजळीत तळ्याचं पाणी घेतलं, तीनदा अर्घ्य दिलं आणि पुटपुटली, "राखलास रं बाबा, ह्यास्नी राखलास." सरोजिनी रुमाल तोंडाला लावून उभी होती. गुणाबाईला वाटलं, तिलाही भरून आलं असेल.

त्या दिवशी ती पहिल्यांदा टेबलावर बसली. पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी आली, श्रीखंड आलं. हॉटेलाचा सगळा वास, बुरा, केस, तिला कशाचीच किळस राहिली नाही. खाली मान घालून ती खात होती. नवऱ्यानं आपणहून तिच्या ताटात पुरी वाढली तेव्हा तिला असंही वाटलं की यापुढं कधी महाबळेश्वराला नावं ठेवायची नाहीत.

गोपाळराव वकील मिशी पुसत म्हणाले, "नाझरसाहेब, सूर्याची जप्ती तर झकास केलीत. उद्या चंद्र हजर करता काय?"

सरोजिनीला हसू आवरेना. तिला ठसका लागला, मग कुणीतरी पाणी दिलं. गुणाबाईनं मान वर केली. "काय झालं?"

आणि मारुतीरावांनी सांगितलं. लपवावं असं त्यांना वाटलंच नाही. कोर्टात एखादी युक्ती सांगावी तशा थाटात, वकिलांकडं बघत, हाताचे हावभाव करत सांगितलं, की होडीवाल्याला ग्यासबत्ती घेऊन पलीकडच्या काठाला कसा पाठवला, झाडाआड कसा उभा केला, बत्ती पाण्याच्या बाजूला धरायला कसं बजावलं. "आणि हिनं अर्घ्य दिलं," ते म्हणाले, "होडीवाल्याला अर्घ्य."

गुणाबाईच्या तोंडात घास होता. तो गिळता येईना आणि चारचौघांत थुंकताही येईना. श्रीखंडाचा आंबट-गोड लगदा जिभेवर तसाच पसरत राहिला. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या हनुवटीला तेल लागलं होतं, आणि हसताना दातांत अडकलेली कोथिंबीर दिसत होती. ती उठली, व्हरांड्यात गेली आणि घास ओंजळीत काढून अंधारात फेकला.

खोलीत आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "असं कशापायी केलासा?"

इथं मारुतीरावांना एक संधी होती. तुला उपाशी बघवेना, एवढं एक वाक्य ते बोलले असते तर गुणाबाईनं सगळं पोटात घातलं असतं, रडली असती आणि माफही केलं असतं. ती त्या वाक्याची वाट बघत उभी होती. मारुतीराव मोजे काढत होते. मोज्यांचा कुबट वास खोलीभर झाला.

"मग काय करायचं?" ते म्हणाले. "वकिलाच्या बायकोनं चार माणसांत इचारलं, तुमची बायको आमच्या पंक्तीला का बसत न्हाय. माझी शोभा झाली. हितं काय खेड्यागत वागून चालतंय?" आणि आडवे पडून घोरू लागले.

गुणाबाई त्यांच्या उशाशी बसली. व्रत मोडलं होतं. घास गेला होता, एक नाही, पुष्कळ. आता ताप येणार, या खात्रीनं ती त्यांच्या कपाळाला परत परत हात लावून बघत राहिली, मुदतीच्या तापात बघायची तशी. कपाळ थंड होतं. ते थंडच राहिलं. सकाळी मारुतीराव उठले, घसा खरवडून खाकरले, तस्तात पचकन थुंकले आणि चहा मागवला. काही म्हणजे काही झालं नव्हतं त्यांना.

आणि गुणाबाईला त्याचा आनंद झाला नाही. हे तिच्या ध्यानात आलं आणि ती स्वतःलाच दचकली. ज्या जिवासाठी इतकी वर्षं आभाळाकडं तोंड करून बसलो तो जीव समोर बसून बशीतला चहा ओढतोय, आणि आपल्याला नुसती शिसारी येतेय. ती बाहेर गेली. धुकं कालच्यासारखंच होतं. तिनं हॉटेलच्या पोऱ्याची वाट न बघता स्वतः खुर्ची ओढली, पाव-लोणी मागितलं आणि सूर्याबिगर, कुणासाठी न थांबता, सावकाश खाल्लं.

"आता कशी शहाणी झालीस," मारुतीराव म्हणाले. सरोजिनीनंही मान डोलावली.

परतीच्या वाटेवर मारुतीराव शिंकू लागले. त्या ओल्या गादीनं आणि धुक्यानं त्यांची छाती धरली होती. मिरजेपर्यंत अंग कसकसू लागलं, बेळगावात उतरले तेव्हा कपाळ तापलं होतं. साधी सर्दी होती. गुणाबाईनं काढा दिला, छातीला तेल चोळलं, रग पांघरला. बायकोनं करायचं ते सगळं केलं.

पण दुसऱ्या दिवशी, अजून फटफटलंही नव्हतं, तेव्हा मारुतीरावांना जाग आली आणि त्यांना चुलीच्या उजेडात गुणाबाई दिसली. ती पाटावर बसून भाकरी खात होती.

"गुणा," त्यांनी अंथरुणातनं विचारलं, "दिवस उगवला?"

"न्हाय अजून."

"मग जेवाय कशी बसलीस?"

"मोडलंय की ते. तुम्हीच मोडलासा, तळ्यावर."

मारुतीराव कोपर टेकून उठून बसले. "अगं, ती गंमत होती. परत धर की."

"गंमत तुमची. माझं मोडलं. मोडलेलं परत धरता येत न्हाय."

"पर ते माझ्यासाठी धरलं हुतंस."

"व्हय."

चुलीत लाकूड तडतडलं. मारुतीरावांनी आपलाच हात आपल्या कपाळाला लावून बघितला. कोर्टात दुसऱ्यांच्या घरची भांडी जप्त करताना कधी न दिसलेली भीती त्यांच्या तोंडावर दिसली. "मग आता माझं कसं?"

गुणाबाईनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि घास तोंडात घातला.

ताप दोन दिवसांत गेला, पण भीती राहिली. एक दिवस मारुतीराव चहा पुढं आल्यावर "जरा थांब" म्हणून परड्यात गेले आणि उगवतीकडं बघून आले. मग रोज जाऊ लागले. मृगात ढग आले तेव्हा त्यांनी चहा नको म्हटलं, पित्ताचं निमित्त सांगितलं. आषाढ लागेपर्यंत बोळाला सगळं कळलं होतं. नाझरसाहेब कोट-टोपी घालून, छत्री काखेत धरून उंबऱ्यावर उभे राहायचे, कोर्टाची वेळ व्हायची, आभाळ काही उघडायचं नाही. ते वर बघायचे आणि आत बघायचे. आत गुणाबाई कधीच जेवून, हात धुवून तांदूळ निवडत बसलेली असायची.

बोळानं आपली सवय सोडली नाही, फक्त माणूस बदललं. ऊन पडलं की आता अंबुबाई हाळी द्यायची, "गुणाक्का, तुझ्या नाझरास्नी सांग गं, पडलंय बघ." गुणाबाई सांगायची. खोटं तिनं एकदाही सांगितलं नाही, आणि खरं असेल तर लपवलंही नाही. फक्त धावत कधी गेली नाही.

एका झडीच्या दिवशी मारुतीराव आदल्या दिवसापासून उपाशी होते. ओठ सुकले होते. चुलीवर कुळथाचं पिठलं शिजत होतं, त्याचा वास माजघरात भरला होता. उंबऱ्यावरून त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "गुणा, तुझ्या परड्याकडनं काय दिसतंय का गं? थोडंसं तरी?"

गुणाबाईनं पिठलं ढवळता ढवळता परड्याकडं नजर टाकली. पाऊस कोसळत होता.

"न्हाय," ती म्हणाली. "ग्यासबत्ती लावू?"

मारुतीरावांनी छत्री उघडली आणि तसेच कोर्टाला गेले.